पेत्रोवदानाच्या आधी

७ मार्च

माझी दोन्ही मनगटं सासूबाईंनी धरून ठेवली होती, आणि खाली जिन्यावर माणसं एकमेकांना सांगत होती, डावीकडून घ्या, डावीकडून, कोपरा लागेल. पेटी लहान आहे. तिचा कोपरा कुठे लागण्याचं कारण नव्हतं.

"सोडा," मी म्हणाले. "मी कुठे जात नाहीये."

"माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. सोडलं नाही.

घंटा सुरू झाल्यावर त्यांनी पायाने खिडकीचं दार लोटलं. घंटा थांबल्यावर मनगटं सोडली आणि घेवड्याची परात माझ्या मांडीवर ठेवली. "निवड."

पहिल्या मुलाच्या मातीला आई जात नाही. रडतही नाही. रडली तर पाठच्याला बोलावणं जातं. पाठचा आंद्रिया अडीच वर्षांचा आहे. म्हणून मी मागच्या खोलीत बसले आणि घेवडा निवडला. रेल्या माझा पहिला. सहा वर्षांचा होता. घसा धरला, आणि चार दिवसांत संपलं.

सासूबाई आजी आहेत. त्यांना जाता आलं असतं. मोठ्याने रडता आलं असतं, आजीला सगळं चालतं. माझ्यावर लक्ष ठेवायचं म्हणून त्या थांबल्या.

मला रडू आलं नाही. आवरावं लागलं नाही. हे इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही.

९ मार्च

दिवसभर बायका येत होत्या. सरदारांच्या, पुजाऱ्यांच्या, बाजारातल्यासुद्धा. मी खुर्चीत बसून होते. प्रत्येक जण माझ्या खांद्यावर ओठ टेकवत होती.

"आम्ही हिला परदेशची म्हणून काय काय बोललो," एक म्हातारी दुसरीला म्हणाली, मी समोर नसल्यासारखं. "आमच्या पोरींना जमत नाही ते हिने केलं. एक टिपूस नाही."

"उत्तरेकडे थंडी फार. डोळ्यांतलं पाणी गोठत असेल."

"गप्प बस. घराचा मान राखला तिने."

मग ती म्हातारी माझ्याकडे वळली. "आता तू आमची झालीस, तोदोरा." आठ वर्षांपूर्वी बाप्तिस्म्याच्या वेळी मला हे नाव दिलं. बायकांच्या तोंडून इतक्या सहज ते पहिल्यांदा आलं.

त्यांना वाटतंय मी धरून ठेवलं आहे. धरून ठेवायला काही नाही. हे समजलं तर त्या काय करतील याचा विचार केला. मग तोही राहून गेला.

माझे यजमान वुकाशिन रात्री जेवायला बसले, जेवले नाहीत. मी विचारलं, "जमीन कशी होती?"

"दगड. एके ठिकाणी लागला म्हणून जागा बदलली, तिथेही लागला. शेवटी गाव्रिलोच्या शेजारी."

गाव्रिलो त्यांचा मोठा भाऊ. वुकाशिन जन्मायच्या आधीच गेला, चार वर्षांचा होऊन. सासूबाईंचा पहिला. त्या टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. म्हणाल्या, "बरं झालं. लहानाजवळ लहान." आणि मीठ मागितलं.

१७ मार्च

आज कॉफी प्यायले तेव्हा माझी दासी यागोदा माझ्याकडे टक लावून बघत होती. कप खाली ठेवल्यावर म्हणाली, "राणीसाहेब, मी साखरेऐवजी मीठ घातलं. पहिल्या घोटानंतर माझ्या लक्षात आलं, पण तुम्ही पीत राहिलात."

"मग?"

"मग काही नाही. दुसरी आणते."

दुसरीही प्यायले. तशीच होती.

पूर्वी मी या वहीत दोन तारखा लिहायचे, माहेरची आणि इथली, तेरा दिवसांच्या अंतराने. आता इथलीच लिहिते. दुसरी कधी सुटली, आठवत नाही.

१२ एप्रिल

ईस्टर झाला. सुतकाच्या घरात अंडी रंगवत नाहीत. आंद्रिया एक पांढरं अंडं मुठीत धरून घरभर हिंडला. ज्याला त्याला विचारत होता, हे लाल कधी होणार. वुकाशिन म्हणाले, पुढच्या वर्षी. सासूबाई म्हणाल्या, थांब, कळ काढ, तुझा भाऊपण असाच उतावळा होता. अंडं आंद्रियाच्या हातून पडलं. उकडलेलं होतं, तडा गेला नुसता.

१४ मे

तळघरातल्या पेंढ्यात शेवटची थोडी सफरचंदं उरली आहेत, सुरकुतलेली. यागोदा अर्धं सफरचंद चमच्याने खरवडून आंद्रियाला भरवत होती. त्याचं पोट भरल्यावर त्याने उरलेलं माझ्या तोंडाशी आणलं. "तू."

मी खाल्लं. मी गिळते की नाही हे तो बघत राहिला. मग खूश होऊन यागोदाबरोबर खाली गेला.

सासूबाई दाराशी लोकर पिंजत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. मला वाटलं, मुलाचं उष्टं खाण्यावरून बोलतील. राणी असून चाटूनपुसून खाते, हे त्या मला पूर्वी एकदा म्हणाल्या होत्या. पण त्या उठून खाली गेल्या. लोकर तशीच राहिली.

मग स्वयंपाकघरातून आवाज आला.

"डोळे काय चुलीत घातलेस?"

"थोरल्या बाई, मला वाटलं, त्यांना माहीत असेल."

"कोण सांगणार होतं तिला? कोणी सांगायचं होतं?"

उष्ट्यावरून इतका आरडाओरडा, म्हणजे आता त्यांचं वय झालं.

१६ मे

सकाळी देवळात गेले तर बायकांनी वाट दिली. नेहमीही देतात, पण आज जास्तच रुंद दिली. त्या म्हातारीने माझ्या खांद्याला ओठ लावले नाहीत. बायकांनी लहान मुलांना घागऱ्यामागे घेतलं.

घरी येऊन यागोदाला विचारलं. तिने आधी दार लावलं.

"सांगायचं नसतं ते. ज्या बाईची मुलं धडधाकट आहेत, तिच्यापुढे बोलत नाहीत. अपशकुन होतो. आणि नंतर सांगायची गरज पडत नाही. सगळ्यांना लहानपणापासून माहीतच असतं."

"काय माहीत असतं?"

"मूल गेलेल्या आईने पेत्रोवदानापर्यंत, संत पेत्रोंच्या दिवसापर्यंत, सफरचंद खायचं नसतं." ती हात पुसत होती, हात कोरडे होते. "त्या दिवशी तिकडे, देवाघरी, गेलेल्या सगळ्या मुलांना सफरचंदं वाटतात. संत पेत्रो स्वतः वाटतात. ज्याच्या आईने आधीच खाल्लं, त्याला मिळत नाही."

"नुसतं मिळत नाही?"

"त्याला सांगतात."

"काय सांगतात, यागोदा?"

"तुझं डुकराने नेलं, असं सांगतात."

मी म्हटलं, ठीक आहे, तू जा.

पेत्रोवदानाला सासूबाई टोपली घेऊन मठात जातात, हे मी आठ वर्षं बघत होते. मला वाटायचं, नव्या फळांना आशीर्वाद घ्यायला जात असतील. आमच्याकडे धान्य नेतात तसं.

मला हे खरं वाटत नाही. मी वेगळ्या शाळेत शिकले आहे. पण दुपारभर मला एक रांग दिसत राहिली. तो रांगेत उभा राहणारा मुलगा नव्हता. पुढे घुसला असेल. मग त्याला सांगितलं असेल.

हे लिहितानाही काही झालं नाही. हात नेहमीसारखाच चालतो आहे.

१९ मे

वुकाशिनना विचारलं.

"बायकांच्या गोष्टी आहेत," ते म्हणाले. "मी परदेशात कायदा शिकलो. तू माझ्यापेक्षा जास्त वाचलं आहेस. असं कुठे असतं का?"

"मग तुम्ही या दिवसांत खाता का?"

"पुरुषांना ते नाही."

"पण खाता का?"

ते थोडा वेळ कागद चाळत राहिले. "मला तशी आवडतच नाहीत सफरचंदं," ते म्हणाले.

मठातले फादर सावा आले तेव्हा त्यांना विचारलं. म्हणाले, चर्चचा असा कुठलाही नियम नाही. कोणत्याही ग्रंथात नाही. तुम्ही निर्धास्त असा.

"नक्की?"

"नियम नाही हे नक्की." त्यांनी टोपी हातात फिरवली. "माझी आई ऐंशी वर्षांची आहे. माझी एक बहीण पाळण्यात गेली. आई अजून पाळते. मी तिला कधी काही म्हणत नाही."

२ जून

सासूबाई माझ्या खोलीत आल्या. त्या कधी येत नाहीत, मलाच बोलावतात. खुर्ची असताना पेटाऱ्यावर बसल्या.

"किती खाल्लंस?"

"उरलेलं होतं तेवढं. एक घास."

"गिळलास?"

"हो."

"सालीसकट?"

"सालच होती जास्त. आत काही राहिलं नव्हतं."

त्यांनी मान हलवली. सालीसकट असणं चांगलं की वाईट, ते सांगितलं नाही.

"तू मागितलं नव्हतंस," त्या म्हणाल्या. "त्यानेच दिलं."

"आंद्रियाने."

"आंद्रियाने. नाही कसं म्हणणार."

मला वाटलं आता बोलतील. आठ वर्षांत माझी एक चूक त्यांनी सोडली नाही. लग्नाच्या दिवशी मी उंबऱ्यावर पाय दिला होता, ते अजून पाहुण्यांना सांगतात. पण त्या उठल्या. जाताना खिडकीपाशी थांबल्या, माझा पडदा नीट केला, आणि म्हणाल्या, "तेव्हा तुला सगळं सांगितलं मी. रडू नकोस सांगितलं, जाऊ नकोस सांगितलं, आरसा झाक सांगितलं."

"हो. सांगितलंत."

"सगळं सांगितलं," त्या परत म्हणाल्या आणि गेल्या.

माझ्यावर आणखी ठपका येऊ नये म्हणून बोलल्या असतील, की स्वतःवर येऊ नये म्हणून. कळलं नाही.

११ जून

दिवाणखान्यात बायका जमल्या होत्या. सासूबाई मध्ये बसून सूत कातत होत्या. कोणीतरी मुद्दाम पेत्रोवदानाचा विषय काढला. यंदा सखल भागात फळ लवकर धरलं आहे म्हणे. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणून सगळ्या पाहत आहेत हे कळलं.

"नासपती होता तो," सासूबाई म्हणाल्या.

चाती फिरत राहिली.

"काय, थोरल्या बाई?"

"माझ्या सुनेने खाल्ला तो. गावभर काहीबाही उठलंय. नासपती होता. मी समोर बसले होते, माझे डोळे चांगले आहेत."

"मे महिन्यात नासपती?" एक जण म्हणाली, अगदी हळू.

"माझ्या तळघरात राहतात. तुझ्या राहत नसतील."

कोणी हसलं नाही. त्या बाईने कॉफी आणखी मागितली. सासूबाईंनी या घरात कोणाला खोटं बोलू दिलेलं नाही. रेल्याने एकदा शेजारच्या जर्दाळूंबद्दल थाप मारली तर त्याला अर्धा दिवस देवाच्या तसबिरीसमोर उभं केलं होतं. आज त्यांचा धागा दोनदा तुटला. यागोदा मला नंतर म्हणाली, कोणाचा विश्वास बसला नाही, पण तसं म्हणायला कोणी धजणार नाही.

मी आभार मानायला गेले. त्या म्हणाल्या, "कशाचे? नासपतीचे?"

२८ जून

सखल भागातून टोपली आली. पेत्रोवदानाची सफरचंदं लहान असतात, हिरवी, एका बाजूला पुसट लाल. यागोदाने ती धुऊन स्वयंपाकघरातल्या फडक्यावर पसरली. आंद्रिया हात लावू लागला तर सासूबाईंनी त्याला दिलं. मुलांना बंधन नाही.

"उद्या तू चल," त्या मला म्हणाल्या.

"मी येऊन काय करू?"

"आई स्वतः देते. दुसऱ्याच्या मुलाच्या हातात द्यायचं, आपल्याचं नाव घ्यायचं. ते इथे खातं, तिकडे पोहोचतं."

"आणि माझ्या हातून कोणी घेतलं नाही तर?"

त्यांनी एक सफरचंद उचललं, बघितलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं. "हावरट होता तो," त्या म्हणाल्या. "तळघरात जाऊन एकूण एक सफरचंदाला दात लावायचा. गोड कुठलं ते शोधायला. मग चावलेली बाजू खाली करून ठेवायचा, मला कळणार नाही म्हणून."

"मला हे माहीत नव्हतं."

"तुला कशाला सांगेन. मारलं असतंस." त्यांनी चांगली निवडून दोन बाजूला काढली, माझ्यासाठी एक आणि त्यांच्यासाठी एक. त्यांचं नेहमी एकच असतं, गाव्रिलोसाठी. एक्केचाळीस वर्षं त्या पेत्रोवदानाआधी सफरचंदाला शिवलेल्या नाहीत, असं यागोदा सांगते. चुकूनसुद्धा नाही. एका वर्षी परदेशी राजदूताच्या मेजवानीत सफरचंदाचा केक होता तर टेबलावरून उठून गेल्या, आणि वुकाशिनच्या वडिलांना माफी मागावी लागली.

मी आज पहिल्यांदा घाबरले. नक्की घाबरले का ते सांगता येत नाही. हात गार पडले होते.

२९ जून

पेत्रोवदान.

मठाच्या मागच्या उतारावर सगळ्या आया आल्या होत्या. इतक्या असतील असं वाटलं नव्हतं. ज्या बायकांना मी वर्षानुवर्षं हसताना पाहिलं त्यांतल्याही बऱ्याच होत्या, टोपली घेऊन. बाकीच्या आपापली मुलं घेऊन आल्या होत्या, घेणाऱ्यांच्या बाजूला. मुलं एकदम खुशीत. खिसे भरले होते त्यांचे.

रेल्याची जागा मी आज पाहिली. दगड अजून बसवलेला नाही, लाकडी क्रूस आहे. शेजारी गाव्रिलोचा दगड, जुना, अक्षरं बुजत आलेली. दोघांच्या मध्ये एक पाऊल मावेल इतकी जागा. मला काही वाटलं नाही. गवत उगवलं आहे असं वाटलं.

मी सफरचंद घेऊन उभी राहिले. एक मुलगी आली, सात-आठ वर्षांची, पुढचा दात पडलेला. मी हात पुढे केला. तिनेही केला. तिच्या आईने तिचा दंड धरून तिला मागे घेतलं. उद्धटपणे नाही. विस्तवापासून मागे घेतात तसं. म्हणाली, "तिचं पोट बरं नाही, राणीसाहेब." मुलीच्या दुसऱ्या हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं.

तिच्या मागचा मुलगा आलाच नाही. मग कोणीच येईना. आजूबाजूला नावं ऐकू येत होती, नाव आणि मग चावल्याचा आवाज. मी हात खाली घेतला नाही. घ्यायचं सुचलं नाही.

सासूबाई गाव्रिलोच्या दगडापाशी बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. दगडावर हात ठेवला होता. दुपारचं ऊन होतं, दगड तापलेला असणार, तरी बराच वेळ हात तसाच. ओठ हलत होते. मग गुडघ्यावर भार देत उठल्या आणि त्या दात पडलेल्या मुलीपाशी सरळ चालत गेल्या.

"तोंड उघड," त्या म्हणाल्या. "जीभ दाखव. पोटाला काही झालेलं नाही हिच्या." आणि स्वतःचं सफरचंद तिच्या हातात ठेवलं. "रेल्यासाठी," त्या मोठ्याने म्हणाल्या. उतारावर सगळ्यांना ऐकू गेलं. "माझ्या हातचं आहे. माझ्या तोंडाला लागलेलं नाही. खा. मी बघते."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने खाली पाहिलं. मुलीने खाल्लं, सगळं, बियांसकट. सासूबाई शेवटपर्यंत समोर उभ्या होत्या. नंतर त्यांनी माझ्या हातातलं सफरचंद काढून घेतलं आणि त्यांच्या ॲप्रनच्या खिशात टाकलं, जसं काही ते कुठे पडलेलं सापडलं होतं.

"चल," त्या म्हणाल्या. "झालं त्याचं."

गाव्रिलोचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्याच्यासाठी आणलेलं एकच होतं आणि ते गेलं. गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं. आठवण करावी असं वाटलं, अजून परत जाता आलं असतं. पण अलीकडे त्या विसरतात. सगळ्यांसमोर ओशाळल्या असत्या. गप्प राहिले.

त्या वाटभर खिडकीबाहेर बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "तो मोठा आहे. समजून घेईल." वुकाशिनबद्दल म्हणाल्या असतील. यंदा ते उत्सवाला आले नाहीत, त्याबद्दल.

३० जून

सकाळी टेबलावर सफरचंदं होती. सासूबाईंनी घेतलं नाही, दात दुखतात म्हणाल्या, आणि ताटली माझ्याकडे सरकवली. मी अर्धं खाल्लं. आंबट होतं.